दहाचा मित्र

सौंसरच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी खवसे मॅडमनी मला माझं गाव विचारलं नाही, माहेरचं आडनाव विचारलं नाही, मी कुणाची कोण हेही विचारलं नाही. आमच्याकडे नव्या माणसाला एवढं विचारल्याशिवाय खुर्चीसुद्धा पुढे करत नाहीत. त्यांनी फक्त वय विचारलं. मी चोवीस सांगितलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून हळहळून म्हणाल्या, "चोवीस? मग तर तुमचा मित्र बहुत दूर हाय."

तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलगा होता नागपूरचा. म्हणजे नागपूरही यांना दूर वाटतं की काय, की यांना त्या मुलाबद्दल काही कळलंय, या विचारानं मी दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी शिपायानं मला बाजूला घेऊन समजावलं की खवसे मॅडम माणसांबद्दल कधीच बोलत नाहीत. त्या जे बोलतात ते आकड्यांबद्दल असतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

चोवीसचा मित्र कोण, हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं, कारण त्यांनी ते सगळ्या दहावीला आणि माझ्यासारख्या रिकाम्या तासाला सापडलेल्या बाईला फळ्यावर करून दाखवलं. गणिताशी माझं कधी पटलं नाही, पण हे मला समजलं, म्हणून इथं सांगते. कुठलीही संख्या घ्या. तिला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज करा, ती संख्या स्वतःसुद्धा धरून. मग त्या बेरजेला मूळ संख्येनं भागा. सहाचे विभाजक एक, दोन, तीन आणि सहा. बेरीज बारा, म्हणजे सहाच्या दुप्पट. अठ्ठावीसची बेरीज छप्पन्न, तीही दुप्पट. भागाकार सारखा आला, म्हणून सहा आणि अठ्ठावीस एकमेकांचे मित्र. भागाकार बरोबर दोन आला तर संख्या पूर्ण, दोनाच्या वर गेला तर विपुल, खाली राहिला तर अपुरी. चोवीसच्या विभाजकांची बेरीज साठ, भागाकार अडीच. म्हणजे चोवीस विपुल, खाऊनपिऊन सुखी. पण जिचा भागाकार बरोबर अडीच येतो अशी दुसरी संख्या शोधायला निघालं की शंभरात सापडत नाही, हजारात नाही, लाखात नाही, कोटीत नाही. ती सापडते ९१९६३६४८ ला. नऊ कोटी एकोणीस लाख त्रेसष्ट हजार सहाशे अठ्ठेचाळीस.

ही संख्या त्या फळ्यावर अशी लिहीत की जणू घरी पाहुणा आलाय आणि त्याला पाट मांडायचाय. मग तिला फोडत. दोन आठ वेळा, मग सात, एकोणीस, सदतीस, त्र्याहत्तर. प्रत्येकाच्या विभाजकांची बेरीज वर लिहायची आणि वरचे खालचे आकडे कापत जायचं. अडतीसनं एकोणीस कापला, चौऱ्याहत्तरनं सदतीस कापला. दोनाच्या त्या आठ वेळांची बेरीज पाचशे अकरा, आणि पाचशे अकरा म्हणजे सात गुणिले त्र्याहत्तर, म्हणून तेही दोघं गेले. शेवटी खडूच्या रेघांच्या त्या जंगलात उरायचं अडीच. मुलं खरंच टाळ्या वाजवायची. एवढी अगडबंब संख्या आणि एवढासा चोवीस, पण आतून दोघं सारखे. मॅडम लगेच ओल्या फडक्यानं फळा पुसून टाकायच्या. कागदावर त्या काही ठेवत नसत. जे खरं आहे ते उद्याही तसंच येते, त्याले सांभाळून काऊन ठेवाचं, असं त्यांचं म्हणणं. एवढी मोठी संख्या त्यांनी पुस्तकात वाचली होती हे त्या प्रामाणिकपणे सांगत. पण पुस्तकावर विश्वास न ठेवता सगळे गुणाकार हातानं करून पाहिले, याचा त्यांना अभिमान होता.

मोहगावला त्यांचं घर होतं. आई-वडील गेल्यावर त्या तिथं एकट्याच राहायच्या. भाऊ कामधंद्यापायी केव्हाच बाहेर पडला होता. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याच्या शाळेत वेगवेगळ्या कथा होत्या. त्यातली मला सगळ्यात खरी वाटते ती अशी की पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी चहा देता देता विचारलं होतं, तुम्हाले एक हजार एक मूळ संख्या वाटते का? मुलगा हो म्हणाला. तिला सातानं भाग जातो. मॅडमनी कप ठेवला आणि आत निघून गेल्या. मी एकदा हे त्यांनाच विचारलं तर त्या म्हणाल्या की तसं नव्हतं, त्या मुलानं भाग देऊन पाहिलाच नाही, आणि न पाहता हो म्हणणाऱ्या माणसासोबत राहून काय करायचं. म्हणजे तसंच होतं.

डबा त्या वेगळ्या बसून खायच्या, पण संत्र्यांच्या दिवसांत पिशवी भरून फळं आणून टेबलावर ओतायच्या आणि कुणी किती घेतली ते पाहायच्याही नाहीत. बोलायला माणूस मिळालं की मात्र त्यांना थांबवणं कठीण व्हायचं. स्टाफरूममधले लोक त्यांना येताना पाहून वह्या तपासायला काढायचे. मीही काढल्या आहेत. एका शनिवारी आम्ही सगळे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. तेव्हा आमचे मुख्याध्यापक, गांजरे सर, थट्टेनं म्हणाले की मॅडम, आज दहाचा मित्र मागून घ्या. सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण रांगेत त्यांनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं की जो नाहीच तो मागता येत नाही.

दहाचा मित्र. हीच त्यांची खरी दुखरी जागा होती. दहाच्या विभाजकांची बेरीज अठरा, भागाकार एक पूर्णांक आठ दशांश. दहा अपुरा आहे. आता जगात दुसरी अशी कुठली संख्या आहे का, जी बरोबर तेवढीच अपुरी आहे? त्या म्हणायच्या की हे कुणालाच माहीत नाही. आमच्या तरुण कॉम्प्युटरच्या सरांनी लगेच मोबाईलला विचारलं, आणि मोबाईलनंही तेच सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे लोकांनी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. तेही डबा संपेपर्यंतच.

न पाहिलेल्या त्या संख्येचं वर्णन मात्र त्यांच्याजवळ तयार होतं. ती फार मोठी असणार. विषम असणार. तिला पाचानं भाग जाणार. ती पूर्ण वर्ग असणार, आणि तिच्या शेवटी पंचवीस असणार. आम्ही त्यांना चिडवायचो की हे तर स्थळाचं वर्णन झालं, उंच, गोरा, नोकरीवाला. त्या चिडत नसत. असलाच तर असा असन, एवढंच म्हणायच्या. पण त्यांचं मत होतं की तो नाहीच. दहा एकटा आहे, आणि ते आपण सिद्ध केलंय, असा त्यांचा दावा होता.

ती सिद्धता मी इतक्या वेळा ऐकली की कविता पाठ व्हावी तशी ती मला पाठ झाली. वर्ग म्हटला की त्यातला प्रत्येक मूळ अवयव जोडीनं येतो. पाचाची जोडी म्हणजे पंचवीस. पंचवीसच्या विभाजकांची बेरीज एकतीस, आणि वर आलेला तो एकतीस कापायला एकतीसला त्या संख्येत यावंच लागतं. एकतीस आला की त्याची जोडी येते, आणि ती तीनशे एकतीसला ओढून आणते. तीनशे एकतीसची जोडी सातला आणते. आणि एकतीस, तीनशे एकतीस, सात, या तिघांच्याही बेरजेत एकेक तीन दडलेला असतो. एक पूर्णांक आठ म्हणजे नऊ भागिले पाच, त्यात दोनच तीन मावतात, म्हणून तिसरा कापायला तीनलाही घरात घ्यावं लागतं. मग तीन, पाच, सात एकाच घरात आले की भागाकार दोनाच्याही वर उडतो. आपल्याला हवा होता एक पूर्णांक आठ. घर मोडलं. म्हणून दहाला मित्र नाही. इथं त्या खडू खाली ठेवायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी बरीच वर्षं आनंद समजत होते. तो आनंद नव्हता. आपण एकटं असणं ही आपली चूक नाही, हे कागदोपत्री सिद्ध झाल्यावर माणसाला वाटावं तसं काहीतरी ते होतं. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

त्यांना बक्षीस नको होतं, नाव नको होतं. हे सगळं शेवटपर्यंत ऐकून ज्याला ते समजलंय असं एक माणूस त्यांना हवं होतं. मी ऐकायचे, पण मला पाठ होतं, समजत नव्हतं, आणि हा फरक त्यांना पक्का माहीत होता. म्हणून पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात गणिताचा कार्यक्रम ठरला आणि गांजरे सरांनी कुठून तरी ओळख काढून त्यात मॅडमचं नाव घातलं, तेव्हा त्या पार बदलून गेल्या. तिथं प्रोफेसर लोक असतील, त्यांना समजेल, असं त्या मला दिवसातून एकदा तरी सांगायच्या. नवी साडी घेतली. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

कार्यक्रमाच्या आधी पोळा आला. त्यांनी मला मोहगावला जेवायला बोलावलं. घरी बैल केव्हाचे नव्हते. त्यांनी पाटावर मातीचे दोन मांडून पूजा केली होती. सांगत होत्या की वडिलांजवळ एकच जोडी होती, शेत तेवढंच होतं. जोडी म्हणजे दोन बैल, आणि घर म्हणजे एक जोडी, हे लहानपणापासून डोक्यात बसलं होतं. संध्याकाळी आम्ही तोरणाखाली पोळा पाहायला गेलो. ट्रॅक्टर आल्यापासून जोड्या कमी झाल्या आहेत, तरी बऱ्याच आल्या होत्या. झुली, शिंगांना बेगड, माइकवर एकेका मालकाचं नाव. कुणीतरी एका घरचे चार पांढरे बैल आणले, दोघं पुढे, दोघं मागे, आणि माइकवाला कौतुकानं म्हणाला की पाहा, एकाच घरच्या दोन जोड्या.

मॅडमनी माझं मनगट धरलं. मला वाटलं गर्दीनं चक्कर येतेय. त्या मला काही न सांगता वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. मी मागून पोहोचले तर त्या ओसरीतल्या फरशीवर खडूनं लिहीत बसल्या होत्या. मला पाहून फक्त म्हणाल्या, "वाढून घ्या तुमी. पुरणाचं झाकलेलं हाय." मी त्यांच्या स्वयंपाकघरात एकटीच वाढून घेतलं आणि एकटीच जेवले. निघताना मी हाक मारली, त्यांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

पांढुर्ण्याला त्या जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्या ठरलेल्या दिवशी नवी साडी नेसून सौंसरच्या स्टँडवर माझ्याआधी हजर होत्या. सोबत म्हणून मीच जाणार होते. हॉल चांगला भरला होता, पुढच्या रांगेत प्रोफेसर, मागे पोरं. फळा नव्हता, पांढरा बोर्ड आणि मार्कर होता. मॅडमनी आधी ९१९६३६४८ मांडून कापून दाखवला आणि लोक खूश झाले. मग दहाकडे वळल्या. तीच सिद्धता, तेच शब्द, पाचाची जोडी, एकतीस, तीनशे एकतीस, सात, तीन, आणि घर मोडलं. मी इतक्या वेळा ऐकली होती, पण इतकी सुंदर कधी ऐकली नव्हती. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या. "याच्यात एक चूक हाय," त्या म्हणाल्या. "कोनाले दिसली?"

मी दचकले. मला वाटलं पोरांची परीक्षा घेऊन राहिल्या. पण त्या पोरांकडे पाहत नव्हत्या. एकेका प्रोफेसरच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि वाट पाहत होत्या. पुढच्या रांगेतले एक जण बोर्डाकडे पाहून विचारात पडल्यासारखे दिसले आणि मॅडम त्यांच्याकडे थोड्या वाकल्या. त्या गृहस्थांनी खिशातून मोबाईल काढला आणि घड्याळ पाहिलं. मग सूत्रसंचालकांनी हसून सांगितलं की हा मॅडमचा मोठेपणा आहे, एवढं काम करून त्या स्वतःतच चूक शोधतात. पुन्हा टाळ्या. शाल आली, नारळ आला. मॅडमच्या हातात मार्कर तसाच होता, त्यामुळे नारळ कुठल्या हातात घ्यावा हे त्यांना समजत नव्हतं. मग सगळे समोशांकडे गेले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला चूक सांगितली. वर्गात अवयव जोडीनं येतो हे खरं, पण एकाच घरी दोन जोड्या येऊ शकतात. पाच चार वेळा आला तर सहाशे पंचवीस. त्याच्या विभाजकांची बेरीज सातशे एक्क्याऐंशी, म्हणजे अकरा गुणिले एकाहत्तर. एकतीस येतच नाही. मग तीनशे एकतीस नाही, सात नाही, काहीच नाही. त्यांची सगळी सिद्धता पहिल्याच पायरीवर सुटली होती. एक जोडी असलेल्या घरात वाढल्यामुळे दुसऱ्या जोडीचं कधी मनातच आलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि स्वतःवरच थोड्या हसल्या.

मी विचारलं की मग तिथं त्यांनी ती चूक का सांगून टाकली नाही. त्या खिडकीकडे वळल्या. बाहेर कापसाची शेतं मागे पडत होती.

"मी सांगितली असती तर मीच राहिली असती न," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनी पकडली असती तर आमी दोघं झालो असतो."

मग त्यांनीच सांगितलं की आता दहा एकटा आहे की नाही, हे त्यांना माहीत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज हलका झाला होता की भरून आला होता, हे मला आजही ठरवता येत नाही. गाडीचा आवाज फार होता.

थोड्या महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. भावाचा मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, मोहगावचं घर विकायचं ठरलं होतं. निरोपाचा कार्यक्रम दहावीच्या वर्गातच ठेवला. भाषणं झाली. सगळ्यांनी मॅडमच्या शिस्तीबद्दल आणि संत्र्यांबद्दल सांगितलं. गांजरे सर म्हणाले, मॅडम, आता दोन शब्द. मॅडम उठल्या आणि खडू घेतला. मागच्या बाकावरून कुणीतरी मोठा उसासा टाकला. त्यांनी पुन्हा तीच सिद्धता मांडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चहा निवत होता, लोक एकमेकांना खुणा करत होते. शेवटी त्यांनी खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "याच्यात एक चूक हाय. कोनाले दिसली?"

मी हात वर केला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मराठीची बाई गणितात काय सांगणार. मॅडमनी मला उभं राहायला सांगितलं, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. मी म्हटलं की मॅडम, पाचाच्या दोन जोड्या आल्या तर?

त्या माझ्याजवळ आल्या आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलल्या. "हे तुमाले बसमधी मीच सांगितलं होतं."

"हो," मी म्हटलं.

"तरी हात वर केला तुमी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो काढला, आणि फळ्याकडे परत गेल्या. पंचवीसवर काट मारून तिथं ६२५ लिहिलं. "सांगा, बेरीज?"

"सातशे एक्क्याऐंशी."

"मग कोन आले घरात?"

"अकरा आणि एकाहत्तर."

त्यांनी तेही लिहिलं. अकराभोवती गोल केला, एकाहत्तरभोवती गोल केला. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उघडा दिसत होता. "मग?" त्यांनी विचारलं. "अकरा कोनाले आनते?"

बसमध्ये त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं. मला पुढचं येत नव्हतं.

त्या खडू धरून थांबल्या. मी काही बोलते का, याची त्यांनी पुष्कळ वाट पाहिली. मग मान हलवली, ठीक आहे अशा अर्थानं, आणि आमच्याकडे पाठ करून एकट्याच पुढचं लिहायला लागल्या. शिपाई चहा वाटू लागला, लोक बोलू लागले, हाराची पिशवी कुणीतरी टेबलावर ठेवली. मी उभीच होते. फळा भरत चालला होता आणि त्या अजून लिहीत होत्या.